पुढच्या चाकांतला लाल

प्रिय माया,

गाडीचे ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात. काल शेषराव मिस्त्रींनी स्वतः राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत गाडी नेली, परत वर चढवली आणि अंगणात उभी करून तसं सांगितलं. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण पुढचं वाचताना तुला पहिली काळजी त्याचीच वाटेल.

तू नोव्हेंबरात जाताना खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला लाल रंगाचा डबा मी अखेर उघडला. पुढच्या चाकांच्या जाळीतून ब्रेकचे कॅलिपर गंजलेले दिसतात, बरं दिसत नाही, असं तू म्हणाली होतीस. मी तेव्हा हसलो होतो. एकतीस वर्षं एसटी चालवली, पण ब्रेकला लाली लावलेली गाडी पाहिली नाही, असं बोललो होतो. त्याच संध्याकाळी आणखीही एक बोललो होतो आणि तेव्हापासून तू फक्त आईशी फोनवर बोलतेस. त्याबद्दल पुढे लिहितो. एकदम लिहायला जमत नाही.

मागच्या आठवड्यात पौर्णिमेच्या सणासाठी फाटक रंगवायला काढलं होतं. हात रंगाचे झालेच होते, म्हणून म्हटलं तुझंही काम उरकून टाकावं. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, डावं चाक काढलं. चाकामागची तबकडी दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा तो लोखंडी चिमटा इतक्या वर्षांत हजारदा पाहिला असेन, पण असा मांडी घालून त्याच्यासमोर कधी बसलो नव्हतो. तारेच्या ब्रशने गंज काढला, फटीतली माती जुन्या टूथब्रशने काढली, तबकडीला वर्तमानपत्र गुंडाळून चिकटपट्टी लावली. तुझ्या आईने ओट्यावरून पाहून विचारलं, "नवरीची मेंदी चालू हाय का?" पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला. खरं सांगतो, छान दिसत होतं. डेपोत आमच्या गाड्या धुवायलाही वेळ नसायचा, आणि इथे मी एका ब्रेकसाठी अर्धा दिवस घालवला होता.

उजवं चाक दुसऱ्या दिवशी घेतलं. तेही तसंच केलं. काम संपलं तेव्हा तुझी आई चहा घेऊन आली, चाकाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि चांगलं झालं म्हणाली. चहा मात्र तिने माझ्या हातात दिला. एरवी ती कप जमिनीवर ठेवते. हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे चुरचुरतात म्हणून बुलडाण्याला डॉक्टरांकडे चला म्हटलं. मी गाडी काढू म्हटलं तर नको, जीपने जाऊ म्हणाली. रंग ओला असेल, असं कारण दिलं. तिथे आत गेल्यावर तिने डॉक्टरांना हळूच सांगितलं, पण मी ऐकलं, "माह्ये डोये बरे हायेत. याईचे पाहा." म्हणजे माझे. डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी होती. तिने यंत्रांवर बसवून बरंच काही तपासलं. शेवटी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण माझ्या एकेका डोळ्यापुढे धरलं आणि दोन्ही डोळ्यांना सारखं लाल दिसतं का विचारलं. डाव्याला फिकट लाल दिसलं. उजव्याला ते विटेसारखं दिसलं. मी दोनदा पाहायला मागितलं, तिने दोनदा दाखवलं.

काचबिंदू आहे, माया. उजव्या डोळ्याचं बरंच गेलंय, डाव्याचंही थोडं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल, वेळेवर घालायचे. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं की आता स्टिअरिंगवर बसायचं नाही. जीपमध्ये परत येताना देऊळघाटचा फाटा आल्यावर तुझी आई उतरायचं म्हणून माझ्या दंडाला धरून उठली. आधार तिला हवा होता की मला द्यायचा होता, मला कळलं नाही.

घरी येऊन मी थेट उजव्या चाकापाशी बसलो. मला दोन्ही बाजू सारख्याच लाल वाटत होत्या. बोट लावून पाहिलं तर रंग बोटाला आला. आदल्या दिवशी लावलेला रंग अजून ओला कसा, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमी फाटकाचा रंग लावला होता. लोक हासले असते." फाटकाच्या रंगाखाली मारायचं ते तपकिरी रेड ऑक्साइड आणि तुझा लाल, दोन्ही डबे शेजारी होते. मी चुकीच्या डब्यात ब्रश बुडवून, दोन हात देऊन, लांबून पाहून समाधानाने चहा प्यायलो होतो. ती पहाटे उठून, मी जागा व्हायच्या आत, रॉकेलच्या फडक्याने ते पुसून, तुझ्या डब्यातला उरलेला लाल लावून मोकळी झाली होती. चाक काढायला तिला कोण मदत करणार? तिने जाळीतून हात घालून, खालून झोपून रंगवलं होतं. कोपराला खरचटलेलं अजून आहे. थोडा रंग तबकडीवर उडाला होता, तो तिने पुसला, पण मनातून धास्ती गेली नाही, म्हणून तिनेच शेषरावांना बोलावलं. त्यांनी चाक काढून तबकडी साफ केली आणि मग घाट उतरले.

आता ते दुसरं. डोळ्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, असं तुला वाटू नये. फाल्गुनात बुलडाण्याच्या रस्त्यावर उजवीकडून एक ट्रॅक्टर अचानक समोर आला. अचानक फक्त माझ्यासाठी. तुझी आई त्याला कधीची पाहत होती. तिने हात डॅशबोर्डवर टेकवला. मी धुळीला शिव्या घातल्या. त्यानंतरही मी तिला बाजूला बसवून गाडी चालवत राहिलो. पुढे तू तिला गावामागच्या मैदानात गाडी शिकवलीस, ऑक्टोबरात तिला लायसन मिळालं, आणि किल्ली मात्र माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिली. तू किल्ली मागितलीस तेव्हा मी म्हटलं होतं, घाट उतरणं म्हणजे चुलीपुढचं काम नाही. ती आत ताटं धूत होती. नळ चालू होता, पण तिला ऐकू गेलं होतं हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी ते मोठ्याने बोललो होतो.

त्या बाईने मी बिघडवलेला रंग अंधारात झोपून नीट केला आणि लोक हासतील म्हणून केला. मला हसतील म्हणून. इतक्या वर्षांत माझ्या गाडीत कुणाला खरचटलं नाही, हे मी सगळ्यांना सांगत फिरतो. घरातल्या माणसाचा त्यात हिशेब नव्हता.

परवा मी किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती पदराला बांधली आणि लगेच एकच अट घातली, "वळणावर मंधात बोलाचं नाही." मी हो म्हटलं. काल तिने गावातून बुलडाण्यापर्यंत नेली. गिअर बदलताना माझा डावा पाय उगाच दाबला जात होता. ती समोर पाहूनच म्हणाली, पाय आवरा. त्यानंतर शेषराव घाटात गेले तेव्हा तीही शेजारी बसून कुठे कोणता गिअर, ते पाहून आली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू कसे आहात विचारशील आणि मी मजेत म्हणेन, हे तुलाही ठाऊक आहे. पत्रात खोटं लिहायला मला वेळ लागतो, तेवढ्यात लाज वाटते. तू पौर्णिमेला येतेयस असं आईकडून कळलं, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवतोय, म्हणजे तू निघायच्या आधी मिळेल. त्या सकाळी मलकापूर स्टेशनवर तुला घ्यायला ती येईल. राजूर घाट पहिल्यांदा ती स्वतः उतरेल, मी डावीकडे गप्प बसलेला असेन. बाहेर गर्दी असते, तर पुढच्या चाकांत लाल दिसेल ती आपली गाडी. आधी तिच्या बाजूने ये. मग माझ्याकडे ये आणि दोन्ही बाजूंचा लाल सारखा जमलाय का, ते मला सांग.

आता डाव्या सीटवरचा,
तुझाच
बाबा