एकदाच विचारलंस

नारायण पेठ, पुणे
११ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. अस्मितास,
श्यामलाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या पायांची सूज उतरली असेल असं धरून चालते. नारायण पेठेतून कोथरूडला पत्र टाकणारी सासू तुला वेडी वाटेल, पण फोनवर माझी जीभ सरळ चालत नाही. हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली. मध्येच उठून दोनदा ओटा पुसला, चांगला स्वच्छ असलेला.

काल सलिलचा फोन आला. तारीख जवळ आलीय म्हणून सोमवारपासून बाळंतिणीचं करायला बाई ठरवलीय, अनुभवी आहे, तू काळजी करू नकोस म्हणाला. मी म्हटलं, "छान झालं! आमचा ताप वाचला." आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. घ्या! बासष्ट वर्षांची बाई.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं. हे निमूट जेवले, म्हणजे त्यांना सगळं कळलंय.

संक्रांतीला तुम्ही दोघं आलात तेव्हा तू विचारलंस, "आई, बाळंतपणात तुम्ही याल का राहायला?" मी म्हणाले, "आता आमची कसली गरज बाई? मोबाइलवर सगळं असतं. आणि नागपूरला तुझी मावशी आहे की!" तू "बरं" म्हणालीस, चहाचे कप विसळलेस आणि गेलीस.

मी दारातच उभी. तू जिन्यातून परत वर येशील, "असं काय हो आई, तुम्हीच हव्यात" म्हणशील, असं वाटत होतं. आलीस कसली!

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत गं. पंगतीत जिलबीसुद्धा दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा पानात पडू द्यायची. पहिल्याच वेळी हो म्हणणारा तो हावरट. माझ्या सासूबाई नुसतं "पंखा चालू आहे वाटतं" म्हणाल्या की मी उठून बंद करायचे. सलिल याच घरात वाढला. त्याला मी न बोललेलंही ऐकू येतं, कधीकधी मनात नसलेलंसुद्धा. मग त्या दिवशी दिवाणावर बसून तो गप्प का राहिला? आज सकाळी फोन करून झापलं त्याला. तर म्हणतो, "आई, बत्तीस वर्षं मी तुझा दुभाष्या आहे. कंटाळलो." लागलं मला. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

मग चहाच्या वेळी ह्यांनी तोंड उघडलं. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "आईंना नको असेल तर मी आग्रह नाही करणार, बाबा. त्यांच्या शब्दाचा मान ठेवते." शब्दाचा मान! अगं, या घरात माझ्या शब्दांचा सगळ्यांनी अर्थच लावला, मान कुणी ठेवला नव्हता. राग यावा की कौतुक वाटावं, मला कळेना.

आता टाळत होते ते लिहिते. मावशीचं नाव मी मुद्दाम काढलं. तुला आई नाही हे ठाऊक असून. तू नुसती रीत म्हणून विचारतेयस अशी मला धास्ती होती, म्हणून म्हटलं बघू माझ्यामागे लागते का. दुष्टपणा झाला. तू कप विसळत होतीस तेव्हा तुझी मान खाली होती, ते मी पाहिलं होतं आणि तरी बोलले नाही. मला माफ कर.

मला यायचं आहे. बाळाला न्हाऊ घालायचं आहे, तुला शेक द्यायचा आहे, तुझा डोळा लागला की बाळ मांडीवर घेऊन बसायचं आहे. ठरवलेली बाई राहू दे, आम्ही दोघी मिळून करू. बघ, लिहिलं शेवटी.

तुला नको असेल तर 'नको' कळव. मी ते नको असंच वाचेन. रुसणार नाही. नाही, रुसेन थोडी, पण तुला तसं सांगून रुसेन.

आणि हवी असेन तर 'या' म्हण. एकदाच म्हण. एकदा पुरेल.

कालपासून बॅग भरून बसलेली,
श्यामला