शेजारच्या यादविगाबाईंचं कोल्हापूर

कार्डिफ, रविवार
(पाऊस आहे हे वेगळं लिहीत नाही)

तीर्थरूप अनुराधाताई,

कागदावरून साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे बदलल्यापासून मी खरोखर खाली गेलो तर वर काढायला दोन माणसं लागतात, तेव्हा हाच गोड मानून घे.) तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आसावरीनं फोनवर सांगितलं. लेक गुणी आहे, पण हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. डोळ्याची पट्टी निघेपर्यंत थांब. फार थांबू मात्र नकोस.

माझं बरं म्हणायचं. सुलक्षणा जाऊन दोन हिवाळे झाले आणि या घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही. आरव रविवारी फोन करतो, 'बाबा, तू जेवली का?' असं प्रेमानं विचारतो. मीही 'जेवली' म्हणतो. व्याकरणावरून एकुलत्या मुलाशी भांडण काढायचं हे वय नव्हे. एरवी मी भाजीशी बोलतो. भेंडी ऐकून घेते, कारलं उलटून बोलतं. हे तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही, पुढचं समजावं म्हणून लिहितोय.

आमच्या शेजारच्या पोलिश यादविगाबाई तुला आठवतील. तू आणि भाऊजी इथं आला होतात तेव्हा कुंपणावरून बिटाचं सूप द्यायला आलेल्या, आणि तू कोल्हापूरची असं म्हटल्यावर सुपासकट घरात परत गेलेल्या. (मी इथं सगळ्यांना मुंबईचा म्हणून सांगतो. कोल्हापूर समजावत बसलं की चहा गार होतो.) एकतीस वर्षं शेजार, पण बाई स्वतःबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी टेरेसा लायब्ररीत काम करते आणि गेली चार वर्षं घराण्याचा इतिहास लिहितेय. पणजोबांचा घोडा कुठल्या रंगाचा होता इथपर्यंत तिनं शोधून काढलं, पण आईच्या आयुष्यात १९४० ते १९४८ नुसतं भगदाड. विचारलं की आईचं एकच उत्तर, "मी लहान होते. थंडी होती."

मागच्या महिन्यात अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी यादविगाबाई बागेत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण भुलीतून बाहेर आल्या त्या भलत्याच भाषेत बोलत. म्हातारपणी असा गोंधळ होतो. (आयुष्यभर लोकांना भूल देऊन पोट भरलं, हे मी बघितलंय.) आधी इंग्रजी गेलं, मग पोलिश गेलं. फोनवरचा पोलिश दुभाष्या म्हणाला की ही भाषा आमची नाही, लिथुएनियन असेल. वॉर्डात साफसफाई करणारी एक लिथुएनियन मुलगी होती, ती म्हणाली की आमची तर मुळीच नाही. शेवटी टेरेसानं मला बोलावलं, डॉक्टर म्हणून. मी द्राक्षं घेऊन गेलो. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कुठं गेल्तास रं इतकं दिस?"

ताई, द्राक्षं पडली माझ्या हातातून.

तेवढ्यात नर्स रक्त काढायला आली. बाई तिला म्हणाल्या, "मुडदा बशिवला तुझा!" त्या काय म्हणतायत असं टेरेसानं विचारलं. मी म्हणालो, थँक यू म्हणतायत. नर्सचा चेहरा असा फुलला की काय सांगू. हे माझं पहिलं भाषांतर. तिथून घसरगुंडी सुरू झाली.

तू इतिहासाची बाई, तुला कोडं लगेच सुटलं असेल. मला दोन दिवस लागले. युद्धात रशियानं पोलंडमधून उचलून सायबेरियात टाकलेल्या बायकापोरांपैकी काही हजार माणसं इराणमार्गे आपल्या कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली होती, हे तू मुलांना शिकवायचीस. त्यांतली एक सहा वर्षांची पोर माझ्या भिंतीपलीकडे एकतीस वर्षं राहत होती, आणि मी तिला पाकिटावर छापलेल्या सूचनांसारख्या कोरड्या इंग्रजीत हवामान सांगत होतो.

नऊ दिवस मी रोज दुपारी जात होतो. (खरं सांगू? चांगलं वाटत होतं. मराठी ऐकायला मिळत होतं, तेही आपल्या आजोळचं.) हकिकत तुकड्यातुकड्यांनी निघाली. छावणीत त्यांची आई टायफॉइडनं गेली आणि कोल्हापुरातच पुरली. वडील पोलिश सैन्याबरोबर लढत कुठेतरी होते. पोरीला दुसऱ्या एका पोलिश कुटुंबात ठेवलं, पण ती दिवसभर असायची ती छावणीत दूध घालणाऱ्या आक्काच्या गोठ्यात. आक्कानं तिच्या पिवळ्या केसांना तेल लावून वेण्या घातल्या, भाकरी थापायला शिकवली, शिव्या शिकवल्या. आक्काला तोवर मूल नव्हतं. दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग वेल्समध्ये येऊन पडलेल्या बापाचं बोलावणं आलं. गाडीच्या दिवशी ही पोर वैरणीत लपून बसली. छावणीतली माणसं हाका मारत हिंडली. आणि आक्का स्वतः त्यांना गोठ्यात घेऊन आली, तिनं वैरणीकडे बोट दाखवलं.

पोरीला ओढून गाडीत घातलं. इथं बापानं दुसरी बायको केली होती. तिच्यापुढे पहिलीचं नाव काढायचं नाही, म्हणून जिथं पहिली पुरली त्या गावाचंही काढायचं नाही. बास, एवढीच ती आठ वर्षं. टेरेसा वहीत भराभर लिहून घेत होती आणि रडत होती. वैरणीपर्यंत मी तिला सगळं खरं सांगितलं. आक्कानं बोट दाखवलं, ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, आक्का स्टेशनपर्यंत सोडायला आली होती.

नवव्या दिवशी बाईंना ताप होता. सारखं एकच चाललं होतं, आक्काला बोलीव, आक्काला बोलीव. टेरेसा पलंगापाशी उभी. ताई, हसू नकोस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, टक्कल पडलेला, मिशीवाला माणूस त्यांचा हात धरून म्हणालो, "मी आक्काच हाय."

त्यांनी मला टकलापासून मिशीपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाल्या, "का सांगिटलंस गं?"

मी म्हणालो, "तुझ्या बापानं बोलीवलं हुतं, बाय. मी कोन ठिवून घेनारी? चुकलं माझं."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, "गाडी आली. मला लपीव."

मी पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि पांघरूण त्यांच्या हनुवटीपर्यंत घेतलं. टेरेसानं विचारलं काय म्हणतायत. मी म्हणालो, थंडी वाजतेय म्हणतायत. ती धावत जाऊन आणखी एक ब्लँकेट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाची गाडी वॉर्डात फिरत असताना, यादविगाबाई गेल्या. चर्चमध्ये पंधरा माणसं होती. मी मागच्या बाकावर बसलो. कोणी काही बोलायला सांगेल ही भीती होती, पण कोणी सांगितलं नाही.

आता घर पुन्हा पहिल्यासारखं झालंय. तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार, आसावरीला आशीर्वाद.

तुझा,
पद्माकर

ता. क. टेरेसा तिच्या आजीची कबर बघायला कोल्हापूरला येतेय, पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला. कबर मिळेल, निदान दफनभूमी तरी मिळेल. पण दफनाच्या दिवशी तिनं मला विचारलं की शेवटी आईनं तुम्हाला आक्का समजून काय बोलून घेतलं. मी म्हणालो, दोघींनी एकमेकींचा निरोप घेतला. ती इतकी रडली की मला राहवलं नाही, आणि मी आणखी एक सांगून बसलो. माझ्या ताईनं वळिवड्यात आक्काची नात शोधून काढलीय, आणि ती तुझी वाट बघतेय.

दुसरा ता. क. तेव्हा नात शोध. दूधवाल्या आक्का त्या भागात शेकड्यांनी असतील हे मला कळतं. खरी नाहीच मिळाली तर साठीच्या पुढची, मायाळू, कमी बोलणारी कोणीही चालेल.

तिसरा ता. क. हे तुझ्या तत्त्वात बसणार नाही, मला माहीत आहे. बोट दाखवल्याचं टेरेसाला कळायला हवं असं तुला वाटलं, तर तू खुशाल सगळं खरं सांग. फक्त त्या दिवशी तुझं चांगलं इंग्रजी विसर आणि मराठीत सांग. भाषांतराला मी येतोय.