पटावरचं तिसावं नाव

बडा गणपती, इंदूर
बुधवार, मधली सुट्टी

ती. शोभनाताईस,

दिवाकरचा नमस्कार. तुझी शुगर काबूत असेल आणि भावजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो, कारण विचारायला घरी यावं तर तू आधी पाटावर बसवतेस आणि मूळ विषय राहून जातो. तुझं छत्रीबागेतलं घर माझ्या शाळेपासून पायी वीस मिनिटांवर, तरी मी पत्र लिहून तुझ्याच रिकाम्या डब्यात घालून पाठवतोय, यावरून काय ते समज. (भेंडी छान झाली होती. निम्मी कस्तुरी मॅडमनी खाल्ली. त्या आमच्याकडे गणित शिकवतात, त्यामुळे निम्मी म्हणजे बरोबर निम्मी.)

शाळेचं तुला माहीत आहे. सरकारी, पण नेहमीची नव्हे. ज्यांची शाळा मध्येच सुटली किंवा ज्यांना शाळेनंच सोडलं, त्यांच्यासाठी नववी-दहावी, वयाची अट नाही, खोल्या दोन. आता वरून पत्र आलंय की शुक्रवारी दुपारी चारपर्यंत पटावर तीस नावं नसतील तर आमची शाळा चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत विलीन होणार. आमचा पट एकोणतीस. मी ऑफिसात यशवर्धनजींना फोन करून एका नावाची सूट मागितली, तर म्हणाले, "दिवाकरजी, माझ्या हातात काहीच नाही आहे, तीसच्या खाली सिस्टम एक्सेप्टच नाही करत." (आत्ता उठून वर्गात मोजून आलो. हजर सतरा. काल एकोणीस होते. सर सारखे मोजतात म्हणून मुलं कमी होतात, असं कस्तुरी मॅडमचं म्हणणं आहे.)

आमची गोची अशी की ऑफिसला निकालही चांगला हवा आणि पटही मोठा हवा, आणि या दोन गोष्टी आमच्याकडे एकत्र नांदत नाहीत. मूल इथे येतं ते खचून. वर्षभरात सावरतं, गणित सुटायला लागतं, आणि सुटायला लागलं की घरचे म्हणतात, चला, आता चांगल्या शाळेत घालू. गेल्या वर्षी असे अकरा गेले. मिठाई देऊन गेले. जे उरतात ते नापास होतात आणि मग निकालाबद्दल मला नोटीस येते. या वर्षी मानसला सहामाहीत गणितात एकाहत्तर पडले, सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता आणि मी पट काढून नावं मोजत होतो. तिसावा तोच होता. ताई, तुला खरं सांगतो, त्याची टी.सी. मी चार दिवस दिली नाही. शिक्का हरवलाय म्हणालो. पाचव्या दिवशी त्याची आई आली, खुर्चीवर बसली आणि शिक्का तिच्या कोपराशीच होता. तिनं तो उचलून माझ्यापुढे ठेवला. मला फार लाज वाटली. मानस मात्र पाया पडला, म्हणाला, "सर, तुमच्यामुळेच झालं, कसम से."

तेव्हापासून मी तिसावं माणूस शोधत हिंडतोय. विजय नगरला मॉलबाहेर डिलिव्हरीची पोरं उभी असतात, त्यांना पत्रकं वाटली. एकानं फार आस्थेनं वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं आणि म्हणाला, "भिया, मी एम.कॉम. आहे, इथे टीचरची व्हेकन्सी आहे का?" मग आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला गाठलं. तो दहावीला बसायला एका पायावर तयार झाला, फॉर्मही आणून ठेवला, पण वर्ग सकाळी भरतात हे कळल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन मागून विषय बदलला. (सकाळी पोह्याचा ठेला बंद ठेवला तर अर्धं बडा गणपती मला शोधत येईल, हेही खरं.) परवा तर मी सिटी बसमध्ये शेजारच्या बाईंना, अनोळखी, "आपलं शिक्षण किती?" असं विचारून बसलो. पुढच्या स्टॉपवर उतरलो. तो माझा स्टॉप नव्हता.

घरी बसवत नाही, शाळेत बसवत नाही. माझी नोकरी कुठे जात नाही, मला दुसरीकडे टाकतील. पण आमची रुची, जी वर्षाच्या बाळाला आईकडे ठेवून, तीन वर्षांच्या खंडानंतर नववीत आली, ती चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जाणार नाही. तिनंच सांगितलं, अगदी शांतपणे: "तिथूनच तर निघाले होते ना, सर." त्या दिवसापासून माझी झोप गेली आहे. (पुन्हा मोजून आलो. अठरा. एक बाथरूमला गेला होता.)

भावजींना नमस्कार. डबा परत पाठवायची घाई करू नकोस.

तुझा,
दिवाकर

ता.क. १: वयाची अट नाही, हे वर लिहिलंच आहे. तू नववीनंतर शाळा सोडलीस. तुझा दहावीचा फॉर्म मी भरला आहे, तो याच डब्यात खालच्या कप्प्यात आहे. सही तेवढी राहिली. रागावणार हे माहीत होतं म्हणून समोर आलो नाही.

ता.क. २: फॉर्मला जुन्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून मंगळवारी तुझ्या शाळेत जाऊन दाखल-खारिज रजिस्टर, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याची वही, काढायला लावलं. ताई, तू आम्हाला कायम सांगितलंस की नववीत नापास झालीस म्हणून नाव काढलं. तिथे लिहिलंय: वर्गात पहिली. शाळा सोडण्याचं कारण: आई आजारी, धाकटा भाऊ लहान.

ता.क. ३: शुक्रवारी अकराला ये. यायचं नसेल तर नको येऊस, शाळेचं मी बघेन, पण फॉर्मला जोडलेला तो दाखला तुझ्याजवळ ठेव. आलीस तर हजेरी मीच घेणार आहे, आणि तिसाव्या नावाला माझा आवाज लागला नाही तर ते कस्तुरी मॅडम वाचतील.