ताणला की वाढणारा कठडा

सांगली,
मे १९९७

श्री. मुकुलराव यांस,

सांगलीहून अनंताचा नमस्कार. (‘सप्रेम’ लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढे सरकेना.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे चारुलता क्षेम आहे आणि माझा रक्तदाब डॉक्टरांना आवडेनासा झाला आहे. श्रद्धाची कंबर आता कशी आहे? तिला आशीर्वाद. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच. दुसऱ्याला खड्ड्यात ढकलून स्वतः साताऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या माणसाला काय धाड भरली आहे? आपण सख्ख्या बहिणींचे नवरे आहोत, एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे पत्र मी सभ्य भाषेत लिहितो आहे. जिथे भाषा घसरेल तिथे कंस घालीन.

दिवाळीत तुम्ही आमच्याकडे आलात, चकल्या खाल्ल्यात आणि माझ्या ड्रॉइंग बोर्डाकडे बघून हसलात. मग माझ्या नव्या कॉम्प्युटरवर, नकाशात बसवायचा म्हणून, तुम्ही बनवलेला तो कठड्याचा प्रोग्रॅम चढवलात. काय ते कौतुक! माउसनं एक टोक धरून ओढलं की कठडा लांब होतो, पण गज रबरासारखे ताणले जात नाहीत, नवे गज आपोआप उगवतात. वरून बघा, खालून बघा, फिरवून बघा, सगळीकडून खराखुरा. मी इतकी वर्षं एकेक गज पट्टी लावून काढला. तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता अख्ख्या गॅलरीला कठडा लावलात. चारुलता म्हणाली, बघा, भावजींचं डोकं कसं चालतं. (त्या डोक्याबद्दल पुढे बोलणार आहे.)

वडूजला लालासाहेबांनी मंगल कार्यालय बांधायला काढलं होतं, ते काम माझ्याकडे. वर बायकांसाठी गॅलरी. मी तुमचा कठडा घेतला, लांब बाजूला ओढला, झकास भरला. भिंत आणि कोपऱ्यातला खांब यांच्यामध्ये एक अरुंद फट उरली होती, तिथेही तोच कठडा आणून बसवला. आता तुमच्या प्रोग्रॅमची अक्कल ऐका. दोन गजांत चार बोटं अंतर ठेवायचं, हे त्याला ठाऊक. पण हिशेबात उरलेली जागा आहे त्याच गजांमध्ये वाटून टाकायची, ही खोड तुम्ही त्याला लावलेली. लांब बाजूला ती खोड कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण वाटेकरी पुष्कळ. त्या अरुंद फटीत मात्र मधला एक गज बसायला केसभर जागा कमी पडली, तेव्हा त्यानं गजच घातला नाही. भलंमोठं भोक तसंच सोडलं. पडद्यावर ते खांबाच्या आड गेलं. हरिबा वेल्डरनं कागदावर होतं तसं इमानानं केलं. तो तरी काय करणार?

पहिलंच लग्न लालासाहेबांच्या भाचीचं, राणीचं. मलाही आग्रहाचं आमंत्रण होतं. (मी नवा सफारी शिवला होता. त्याचं काय झालं ते चारुलता श्रद्धाला सांगेलच.) आता लालासाहेब म्हणजे मुलीचे मामा, आणि वरपक्षानं घोटाळा असा केला की मानाचा फेटा त्यांच्याआधी दुसऱ्याच कुणाला तरी बांधला. झालं! मामा रुसले. वर गॅलरीत जाऊन त्या खांबाच्या कोपऱ्यात सतरंजीवर फतकल मारून बसले. खालून गुरुजी पुकारताहेत, मुलीच्या मामांनी यावं, मुहूर्त जवळ आला. मामांनी स्वतःचा फेटा काढून फेकला, समोरच्या भोकातून मुंडकं बाहेर घातलं आणि भर मांडवात गरजले, “ज्येला आधी फेटा बांधला त्येलाच मामा म्हणा! मी हितनंच घरी चाललो!”

आणि मुकुलराव, त्यांना जाताच येईना. मुंडकं गेलं होतं तिरकं, परतताना कान आडवे आले. आधी लोकांना वाटलं, मामा अजून रागानंच बघताहेत. मग ते हळू आवाजात म्हणाले, “आरं, मागनं वढा की कुणीतरी.” चौघांनी पाय धरून ओढलं. मामांनी अशी बोंब ठोकली की बँडवाल्यांना इशारा वाटला आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. राणीची आई शालूबाई धावत वर आली. मला वाटलं आता रडारड. पण बाई भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “दादा, बाप न्हाई तिला. तुजाच आधार हाय. आता तरी रुसू नगंस.” मुंडकं बाहेर असल्यानं मामांना तिचं तोंड दिसेना. पण खालच्या सगळ्यांना मामांचं तोंड दिसत होतं, आणि ते रडत होतं.

खाली राणी उठली. “मामा खाली येत न्हाई तर आपुन वर जाऊ,” असं म्हणून पदर सावरत जिना चढायला लागली. मागून नवरा, गुरुजी, अंतरपाट, सगळी वरात वर. मामानं मुलीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. इथे मुलगीच मामाच्या पाठीशी उभी राहिली. खालून लोकांनी अक्षता वर फेकल्या. नवरा-नवरीपर्यंत त्यातल्या थोड्याच पोचल्या, बाकीच्या मामांच्या तोंडावर. मंगलाष्टकं संपली तेव्हा आचाऱ्यानं जिलबीचं तूप आणून कानांना चोपडलं आणि मामा सुटले. सुटल्यावर त्यांनी आधी भाचीला जवळ घेतलं, मग जावयाला, मग ज्याला फेटा बांधला होता त्यालाही. मग ते माझ्याकडे वळले. कान लालभडक, तोंडाला तांदूळ चिकटलेले.

“सायेब, ह्यो कठडा कुनी काढला?”

मी म्हणालो, कॉम्प्युटरनं.

“त्येला हितं आना.”

आता तुम्हीच सांगा, काय आणू? तुमच्या त्या ताणल्या की वाढणाऱ्या वस्तूला आग लागो. (कंस राहिला, राहू दे.) यापुढे माझ्या घरात चकली मिळेल, माउस मिळणार नाही.

आपला,
अनंत

ता. क. हरिबानं तिथे जादा गज जोडायला घेतला, तर लालासाहेबांनीच त्याला थांबवलं. भोक तसंच ठेवायचं म्हणतात. त्यांच्या मते रुसणाऱ्या पाहुण्यांसाठी प्रत्येक कार्यालयात एक तरी असायला हवं.

आणखी ता. क. त्या लग्नाला फलटणचे एक पाहुणे होते. त्यांनाही कार्यालय बांधायचं आहे. मला गोल जिना हवा आहे, ओढला की पायऱ्या वाढणारा. फ्लॉपी एस.टी.नं पाठवा. की स्वतःच येता? श्रद्धालाही आणा.

शेवटचं. आलात तर फलटणच्या पाहुण्यांसमोर कॉम्प्युटरचा विषय काढू नका. त्या कठड्याची सगळी कल्पना माझीच, असं मी त्यांना सांगून बसलो आहे.