गाळलेले खळगे

३ नोव्हेंबर, सकाळचे सव्वानऊ.
पहिला नमुना घासून आरशासारखा केला आणि मगच लिहायला बसलो. प्रयोगशाळेतली ही नवी नोकरी झकास आहे. माझं काम मिश्रधातूंची कठीणता मोजणं. हिऱ्याचं तीनकोनी टोक धातूत हलकेच दाबायचं. ते किती रुतलं हे यंत्र सांगतं. खळगा केसाच्या जाडीहून कितीतरी लहान. यंत्राचं दार लावून श्वासही जपून घ्यायचा. नमुना वीजघरातल्या टर्बाइनच्या नव्या चक्राचा आहे. ताईचे यजमान तिथेच पाळीवर असतात. फोनवर म्हणाले, "काय मेहुणे, आता आमच्या चक्राला टोचणार?" खूप हसलो.

५ नोव्हेंबर.
काही ठिकाणी टोक लोण्यात सुरी जावी तसं रुतत जातं. भार तेवढाच, तरी थांबत नाही. यंत्र तापलं असेल म्हणून तपासणीच्या काचेवर दाबून पाहिलं. तिथे जागच्या जागी थांबलं. म्हणजे खोट धातूतच आहे. साहेब म्हणाले, दहावी नापासाने यंत्राला अक्कल शिकवू नये. जास्त रुतल्याची वाईट वाचनं गाळ, सरासरी काढ. इथली पद्धतच ती. सात गाळली. कळ दाबणारं बोट माझंच होतं, म्हणून जास्त चीड येते.

७ नोव्हेंबर.
ताईचा फोन. भाऊजींच्या पाठीवर सात बारीक खळगे पडलेत. एका ओळीत, सारख्या अंतरावर, तीनकोनी. दुखत नाहीत, पण खोल जाताहेत. फोन ठेवला आणि गाळलेली वाचनं पुन्हा मोजली. सातच.

८ नोव्हेंबर.
सातही वाचनं अहवालात परत घातली. तासाभरात ताई म्हणाली, पाठ सपाट झाली. दुपारी साहेबांनी पाहिलं. माझ्यादेखत सगळी पुन्हा गाळली, वर दोन चांगलीही. उगाच कुणाला शंका नको म्हणे. मी कॉलर धरली. ते शांतपणे म्हणाले, चक्र उद्या फिरणार, तू असलास काय, नसलास काय.

९ नोव्हेंबर.
दार आतून लावलंय. साहेब धडका देताहेत. देऊ दे मेल्याला. वाचनं परत घालतोय — यंत्र घेत नाही — त्यांची सही झाली, अहवाल बंद —

टोक वर आहे. नमुन्याला टेकलेलंच नाही. भार शून्य. तरी पडद्यावर खोली वाढतेय —

कुणात रुततंय —

ताईचा फोन. आता छातीवर, म्हणते. मधोमध, एकच, मोठा. हे पाळीवर निघालेत, बूट घालताहेत. दुखत नाही म्हणाले. हसताहेत. म्हणाले, मेहुण्यांना सांग, टो—