बनूमावशीस, टबाच्या पाण्याबाबत

सोनिवली, बदलापूर
गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप बनूमावशीच्या पायांवर धर्मराजचं डोकं.

आम्ही इकडे सगळे धड आहोत, तू बुवापाड्यात धड असशील असं धरून चालतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, चष्मा मिळाला, पण तो घातल्यावर सून जास्त स्पष्ट दिसते म्हणून तू तो काढून ठेवतेस, हे इथपर्यंत आलं आहे. म्हणजे हे पत्र रिद्धीच वाचून दाखवणार. (रिद्धी बाळा, आजीला सगळं वाच, कंसातलंही. ओळी गाळल्यास तर मला कळेल.) फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू "हां, बरं, ठेव" म्हणतेस आणि मी बोलायच्या आत ठेवतेस. पत्राला ती सोय नाही.

तर विषय आईच्या गुडघ्यांचा. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यात बसून रोज पंधरा मिनिटं पाय हलवायचे. आता कोमट पाण्यात बसायला बादली पुरत नाही. पण आपला दिपेश ज्या फार्महाऊसला रंग मारत होता, तिथल्या मालकाने नवा हॉट टब घेतला आणि जुना याला देऊन टाकला. हॉट टब म्हणजे चार माणसं बसतील एवढा हौद, खाली हीटर, बाजूंनी पाण्याचे फवारे. सहा जणांनी उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. मी एकतीस वर्षं अंबरनाथला कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे पंप, हीटर, फिल्टर एका दिवसात चालू केलं. मशीन माझ्या बापाचं आहे, असं मी अंजनीला म्हणालोसुद्धा. पाण्याचा विचारच केला नाही. पाणी काय, बोअरचं होतं, पाइप लावला, भरलं.

आईने पहिल्या दिवशी काठावरून बघितलं आणि "तुमी बसा, मंग मी बघतंय" म्हणाली. आम्ही दाटीवाटीने बसलो. मी, अंजनी, दिपेश, शेजारचे दोघं, आणि कोणीही अंघोळ न करता, कारण अंघोळीलाच तर आलो होतो. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर वर साबणासारखा फेस, खाली हिरवट रंग, आणि वास असा की बाजार उठल्यावर मासळीची पाटी राहते ना, तसा. आई काठी टेकत आली, वाकली, हुंगलं आणि म्हणाली, "या पान्यान म्हस पन नाय जायची." आणि परत गेली. मावशी, तुझी बहीण एकदा परत फिरली की काय होतं ते तुला मी सांगायला नको. पण मीही तिचाच मुलगा. त्याच जागी ठरवलं, पाणी असं करीन की आई स्वतः म्हणेल, बस.

पहिला उपाय ब्लीचिंग पावडरचा. गावच्या विहिरीत दर पावसाळ्यात टाकतात, विहिरीला चालते तर टबाला का नाही, असा माझा हिशोब. विहिरीत किती पाणी आणि टबात किती, हा हिशोब राहून गेला. पाणी ताकासारखं झालं, फवाऱ्यांच्या तोंडात चुन्याचा गाळ बसला, आणि अंजनीच्या जांभळ्या गाऊनवर पांढरे ठिपके उठले. (ती तो गाऊन मुद्दाम पाहुण्यांसमोर घालते.) दुसरा उपाय एका स्विमिंग पूलच्या वॉचमनने सुचवला, क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या, पेढ्याएवढ्या. एक टाकली. ती विरघळायचं सोडून बसायच्या जागेवर जाऊन बसली, दोन दिवसांनी उचलली तर खाली टबाचा निळा रंग उडून पांढरा गोल, कोणीतरी टिकली लावल्यासारखा. मग कळलं, त्या गोळ्या मोठ्या तलावाच्या. आपल्या एवढ्याशा गरम पाण्यात त्या आंबट होऊन टबच खातात. मी मात्र हटलो नाही. दिपेश म्हणाला, "पप्पा, सोडा ना, त्यात आपण मासे पाळू." मी त्याच्याशी अर्धा दिवस बोललो नाही.

तिसऱ्या उपायासाठी सरळ उल्हासनगर गाठलं. तिथे लछमनदास नावाच्या एका म्हाताऱ्या शेठचं पाण्याच्या औषधांचं दुकान आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, ब्लीचिंग पावडरच्या जागी डोळे मिटले, आणि म्हणाला, "साईं, गरम पानी में क्लोरीन टिकता नहीं, जल्दी खतम होता है. ब्रोमीन लो. और हफ्ते में एक बार शॉक मारो." मग समजावलं. क्लोरीन कामाला चपळ, पण गरम पाण्यात लगेच संपतं, रोज बघावं लागतं. ब्रोमीन उष्णतेत टिकतं, वासही कमी. आणि मला वाटायचं, उग्र वास आला म्हणजे औषध जास्त झालं. तर उलट आहे. औषध कमी पडलं, अंगाच्या घामातेलाशी झुंजून अर्धमेलं झालं, की तो वास सुटतो. तेव्हा शॉक द्यायचा, म्हणजे एक वेगळी पावडर टाकून तो सगळा साचलेला मळ एका झटक्यात जाळायचा. तीही दोन तऱ्हेची, क्लोरीनची आणि बिनक्लोरीनची. मी बिनक्लोरीनची घेतली. दोन डब्यांना एक चमचा लावायचा नाही आणि पावडरी कधी एकत्र करायच्या नाहीत, हे त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

इथे माझं चुकलं. आनंदाच्या भरात मी दुकानातूनच अंजनीला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "सगळं मिळालं! उद्या पाण्याला शॉक देतो, मग आईला बसवू!" अंजनीने फोन स्पीकरवर ठेवला होता. आई शेजारी तांदूळ निवडत होती.

मी घरी पोचेपर्यंत आळीभर झालं होतं की धर्मराज आयसला पाण्यात बसवून करंट लावणार आहे. पोलीस पाटील ओट्यावर बसले होते. सहज आलो म्हणाले, चहा घेतला, आणि मग हळूच, "धर्मराज, म्हातारीच्या नावावर काय हाय का रं?" त्यांना मी डबा दाखवला, झाकणावरचं वाचून दाखवलं, पावडर दाखवली. पटलं. आईला पटलं नाही. "शॉक म्हंजे शॉकच," ती म्हणाली, आणि दार आतून लावून घेतलं.

तरी मी कामाला लागलो. पाणी सगळं काढलं, पाइप धुतले, फिल्टर बदलला, पुन्हा भरलं. ब्रोमीनची पावडर टाकली, मग शॉक. फवारे चालू ठेवले. आणि कचरा पडू नये म्हणून झाकण लावून टाकलं! (ते उघडं ठेवायचं असतं, वाफ जाऊ द्यायची असते. शेठने सांगितलं होतं. चमच्याच्या नादात विसरलो.) तासाने उघडलं तर डोळ्यांतून असं पाणी आलं की अंजनीला वाटलं मला पश्चात्ताप झाला. पुन्हा केलं, झाकण उघडं ठेवून. मग तपासायची पट्टी बुडवली. त्या पट्टीवर रंगाचे चौकोन उठतात आणि ते डब्यावरच्या रंगांशी जुळवायचे. मी म्हणालो नारिंगी, अंजनी म्हणाली बदामी, दिपेश म्हणाला मोबाइलवर फोटो काढून बघू. आमचं इतकं वाजलं की आईचं दार उघडलं.

"बघू," ती म्हणाली. पट्टी उजेडात धरली, एकदा डब्याकडे बघितलं. "बदामी नाय, नारिंगी नाय. दोघांच्या मदी हाय. अजून थोडं आंबट हाय पानी." मी शेठला फोन करून विचारलं. बरोबर होतं! त्याने दिलेली आंबटपणा मारायची पावडर चमचाभर टाकली, तासाने रंग जिथे हवा तिथे. मी विचारलं, तुला कसं कळलं? आई म्हणाली, "मिठागरान पानी पिकलं का नाय, ते मी न् बनू नुसतं बघून सांगाचो. मुकादम आमाला इचाराचा." मग तिने ब्रोमीनचा डबा मागितला, चिमूट बोटांत घासून बघितली. मी घाईने तिचा हात धुतला. "मीठच हाय की रं हे एक परकारचं. आदी सांगाचं."

त्या दिवसापासून पाणी आईच्या ताब्यात. सकाळी पट्टी ती बघते, कमी-जास्त ती सांगते, अंघोळ केल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. दिपेशला डोक्याला तेल होतं म्हणून काठावरून परत पाठवला. शॉकच्या दिवशी ती स्वतः ओरडते, "आज शॉक हाय, कोनी जाव नका!" आज सतरा दिवस झाले, पाणी काचेसारखं आहे, बसायच्या जागेवरची पांढरी टिकली स्पष्ट दिसते.

आणि सतरा दिवसांत ती एकदाही आत बसलेली नाही. मी विनवलं, अंजनीने विनवलं, मी रागावलो. काल शेवटी म्हणाली, "चार जनांची जागा, मी एकटी काय बसू मदी? बोलाचं कोनाशी, फवाऱ्याशी?" गुडघे तसेच आहेत. काठी दोन्ही हातांनी धरते आता.

असं सगळं आहे. फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही. सगळ्यांना नमस्कार, रिद्धीला आशीर्वाद.

तुझा
धर्मराज

ता. क. दुसरं आहे. रविवारी ये. दिपेश रिक्षा घेऊन बुवापाड्याला नऊ वाजता येईल. तुझेही गुडघे धरतात हे मला माहीत आहे. आपल्या राजसीच्या हळदीत आई सगळ्यांसमोर तुझ्या भाकऱ्यांना जाड म्हणाली, ते चुकलंच. पण त्याला दोन वर्षं झाली, मावशी. भाकऱ्याही संपल्या.

ता. क. २. मी हे लिहितोय ते आईला माहीत नाही. तिला कळलं तर माझी धडगत नाही, तेव्हा तू आपणहून आल्यासारखी ये.

ता. क. ३. आईला कळलं. पाकीट चिकटवत होतो तेव्हा मागे उभी होती. सगळं वाचून घेतलं, कंसासकट. भाकऱ्या जाडच होत्या असं तिचं म्हणणं कायम आहे. मग पेटी उघडून रंग न जाणारी दोन जुनी लुगडी काढली, एक आपल्या खाटेवर ठेवलं, एक दोरीवर वाऱ्याला टाकलं. आणि तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो: "बनू, तेल चोपडून येव नको, पानी बिघडतं. आनि येताना भाकऱ्या आन. जाड आन."