बागेची किल्ली कामतांना दिली

प्रिय अहो,

आज बागेच्या फाटकाची किल्ली मी कामतांच्या हातात देऊन आले. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहायला बसले. एका घरात राहून तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळच आली नाही!

रागावलात? रागवा. पण दमले हो मी.

आठवतं, गिरगावची खोली सोडून आपण वसईला आलो तेव्हा समोर हिरवळ होती, झोपाळा होता? पुढे बिल्डरने मागच्या इमारतीचं सगळं डबर तिथेच ओतलं. तुम्ही तेव्हा अंधारात कामाला निघायचात आणि अंधारातच परतायचात. बाग कधी मेली, तुम्हाला कळलंच नाही. निवृत्त झालात आणि एका सकाळी गॅलरीतून म्हणालात, "सुलभा, ही बाग आपणच परत उभी करू." आपण म्हणजे कोण, ते तेव्हाच विचारायला हवं होतं मी!

पहिल्या जुलैत झाडं लावायला अख्खी कॉलनी आली. फोटो निघाले, बटाटेवडे झाले. दिवाळीपर्यंत निम्मी रोपं डबरात जळली आणि उरलेली शेळ्यांनी खाल्ली. त्या दिवशी तुम्ही भरलं ताट सरकवून उठलात. एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं?

दुसऱ्या वर्षी माणसं थोडी आली, पण पहारी घेऊन आली. विटांचे तुकडे उपसले. तुमच्या ऑफिसमधल्या, निर्मळ गावात राहणाऱ्या मित्राने आपल्या वाडीतली टेम्पोभर माती पाठवली. कडुनिंब, करंज, बहावा लागले, बांबूची कुंपणं झाली.

मग उन्हाळा आला, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे टँकर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कामत उभे राहून ओरडले, "इथे माणसांना प्यायला पाणी नाय, आणि तुम्ही झाडं कसली जगवताय?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तुमचं पिण्याचं नको, कामत. धुण्याचं द्या."

कामतांनी तेही दिलं नाही. पण काही दारांबाहेर बादल्या दिसू लागल्या. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, सगळं तुम्ही जिन्याने खाली न्यायचात. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. ऐकलंत कुणाचं?

त्या मे महिन्यात बागेतून वर आलात, चहा मागितलात. मी चहा गाळून वळले, तर तुम्ही खुर्चीतच... अहो, एक हाक तरी मारायचीत!

तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले. खाली बघितलं तर करंजाची पानं लोंबत होती. मला त्या झाडांचा इतका राग आला! मरू देत, म्हटलं. माझं माणूस नेलं यांनी. आणि त्याच रागात बादली उचलून खाली गेले. का गेले, मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरची मेरी कठड्यावरून बघत होती. खाली आली आणि म्हणाली, "एकटी किती वाकशील गो? उद्यापासून मी पण येते." तेव्हापासून दर उन्हाळा आम्ही दोघी. काही झाडं गेलीच. कडुनिंब मात्र आता आपल्या गॅलरीपर्यंत आलाय. लोक म्हणतात, किती छान बाग! पाण्याचं कुणी विचारत नाही.

परवा कामत घरी आले. सेक्रेटरी झालेत आता. म्हणाले, "वहिनी, गेटवर साहेबांच्या नावाचा बोर्ड लावायचा ठरलाय."

मी म्हटलं, "बोर्ड नको. मे महिनाभर सकाळचं पाणी तुम्ही घाला."

"माझी कंबर धरते हो."

"माझी कुठे सुटलीय?"

ते उठून गॅलरीत गेले, खाली बागेकडे बघितलं. मग म्हणाले, "किल्ली कुणाकडे असते?"

म्हणून दिली. घालतील की नाही, देव जाणे. मेरी आहे लक्ष ठेवायला.

नाशिकहून विद्या दरवर्षी बोलावते, "आई, मेमध्ये ये, नातवंडांना सुट्टी असते." दरवर्षी मी झाडांचं कारण सांगितलं. यंदा जाणार आहे. एक वचन देते तुम्हाला. तिथून फोन करून बागेची चौकशी करणार नाही. एखादं झाड वाळलं, तरी तो दोष मी स्वतःला लावून घेणार नाही. तुम्हीही लावून घेऊ नका. परत आले की जे उरलं असेल, त्याच्या सावलीत नुसती बसेन.

तुमची,
सुलभा